शेवटच्या तंबूतलं ताट

त्यांना सगळे मांडववाले म्हणायचे. मी मांडववाले काका म्हणायची, कारण पगार देणाऱ्या माणसाला नुसतं मांडववाले म्हणणं बरं दिसत नाही. शहापुरात त्यांचा मांडव-डेकोरेशनचा धंदा होता. लग्नं, बारशी, सत्यनारायण, पुढाऱ्यांच्या सभा, सगळीकडे यांचेच बांबू आणि यांच्याच खुर्च्या. मग एक दिवस तो धंदा बायकोवर सोडून हे मुरबाडकडे निघून आले आणि सिद्धगडाच्या पायथ्याशी, ओढ्याकाठच्या एका सपाट तुकड्यावर तंबू ठोकून बसले. लोकांना वाटलं, गिऱ्हाईक ओळखलंय म्हाताऱ्याने. ठाण्या-कल्याणची माणसं जमिनीवर झोपायला येतात म्हटल्यावर कुणाच्याही मनात धंदाच येणार.

मी तेव्हा कल्याणची नोकरी सोडून आसनगावला घरी बसले होते. फोन उचलणं, बुकिंग घेणं आणि आलेल्या माणसांना 'इथे रेंज नाही' हे गोड शब्दांत सांगणं, एवढ्या कामासाठी त्यांनी मला ठेवलं. शुक्रवारी स्कूटीवरून किन्हवलीमार्गे जायचं आणि रविवारी परतायचं. स्वयंपाकाला वरच्या वाडीतली बुधीमावशी होती. आम्ही तिघं आणि ऐन-उंबराचं ते दाट रान. दुपारी दोन वाजता सुद्धा तिथे एकट्याने ओढ्यावर जाताना मान मागे वळायची. ओढ्याचा आवाज सारखा चालू असायचा, आणि त्या आवाजात पलीकडे कुणीतरी हळू आवाजात बोलतंय असं वाटत राहायचं. आपण थांबून ऐकलं की नुसतं पाणी.

काका उंच, काटकुळे. बारा महिने तोच हातविणीचा स्वेटर. कमरेला नायलॉनच्या दोरीचे चार वेढे, आणि छातीशी सेफ्टी पिनांची अशी रांग की पदकं मिळालेल्या फौजदारालाही हेवा वाटावा. तंबूला ते तंबू म्हणतच नसत. "बाय, मांडव ओढ्याकडं तोंड करून घालायचा नाय," म्हणायचे. का, म्हणून विचारलं की म्हणायचे, "तोंड केलं तर बोलावल्यासारखं होतं." कुणाला बोलावल्यासारखं, ते काही सांगायचे नाहीत.

त्यांचा एक लाडका सिद्धांत होता. "पाहुणा आधी बोलवायचा, मग मांडव घालायचा. उलटं केलं तर न बोलावलेला येतो." म्हणजे नावानिशी बुकिंग असल्याशिवाय तंबू उभा करायचा नाही, आणि बुकिंग रद्द झालं तर दिवेलागणीच्या आत तो उतरवायचाच. रिकामा पाळणा हलवू नये, तसं रिकामा तंबू उभा ठेवू नये. एकदा भर दुपारी पाहुण्यांचा फोन आला की येत नाही, तर हा साठीचा माणूस अर्धवट जेवणावरून उठला आणि हात न धुता खुंट्या उपटायला लागला. मी हसले. बुधीमावशी हसली नाही.

दुसरा नियम हाकेचा. संध्याकाळी आलेल्या सगळ्यांना गोल बसवून ते सांगायचे, "तुमच्या नावानं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नका. माणूस असल तर दुसऱ्यांदा मारतो." शहरातली पोरं खिदळायची. आम्ही कितीतरी वेळा ऐकलेलं, त्यामुळे मला त्यात विशेष वाटेनासं झालं होतं. मग एकदा ठाण्याच्या एका कंपनीतली मुलगी सकाळी चहा घेताना म्हणाली, "काल रात्री मला आई म्हणून कुणी हाक मारली?" तिचं लग्न झालेलं नव्हतं. बरोबरचे सगळे तिला चिडवायला लागले. काकांनी मात्र तिला विचारलं, "किती वेळा?" ती म्हणाली, "एकदाच." काकांनी मान हलवली आणि तिला आणखी एक कप चहा दिला.

तिसरा नियम चपलांचा, आणि माझी गोष्ट खरी त्याचीच. रोज तिन्हीसांजेला काका प्रत्येक तंबूपुढच्या चपला-बूट मोजायचे, आणि मी जेवणाच्या पंगतीत डोकी मोजायची. दोन्ही आकडे जुळले की मगच ते घास घ्यायचे. चपलांवरून माणसं ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. "हे दोघं भांडून आलेत. बघ, तिची चप्पल एकीकडं तोंड करून, त्याची दुसरीकडं." आणि खरंच ते जोडपं दोन दिवस एकमेकांशी बुधीमावशीमार्फत बोलत होतं. एका बँकेच्या साहेबाचे बूट बघून म्हणाले, "ह्याला बायको नाय, आई आहे." तेही खरं निघालं, कारण नाडीला दुहेरी गाठ मारून दिली होती.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल.

त्यांना एक मुलगा होता. बावीस वर्षांचा. मित्रांबरोबर याच जागी तंबू टाकून राहायला आला होता. संध्याकाळी कळशी घेऊन अनवाणी ओढ्यावर गेला. मित्र सरपण घेऊन परतले तर त्याच्या चपला तंबूबाहेर व्यवस्थित काढलेल्या. दमून झोपला असेल, उठवू नका, असं म्हणून त्यांनी आपली जेवणं उरकली. सकाळी तंबू उघडला तर आत कुणी नाही. कळशी ओढ्यावर मिळाली, भरलेली, काठावर नीट ठेवल्यासारखी. वाडीतली माणसं आणि पोलीस आठवडाभर रान पिंजत राहिले. मुलगा मिळाला नाही. काही म्हणजे काही मिळालं नाही.

बाप तिथेच राहिला. आई शहापुरात राहिली. आपल्याकडे हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, दिवस घालतात आणि त्या जिवाला मोकळं करतात. ती बारा वर्षं त्या साली भरली होती. काकूंनी गुरुजींना विचारून ठेवलं होतं, आणि कसंबसं का होईना, काका तयार झाले होते. मार्गशीर्षात करू म्हणाले होते. यातलं एक अक्षर मला कुणी सांगितलेलं नव्हतं. रिकामा तंबू त्यांना का सोसत नाही याचं कारण मी भुताखेतांत शोधत होते. खरं कारण मला नंतर कळलं. रिकामा तंबू दिसला की ते वाट बघायला लागायचे.

तो मार्गशीर्ष लागायच्या आधीचा शनिवार. सोळा माणसं आली होती, आठ तंबू. नववा तंबू एका जोडप्यासाठी, शेवटी, उंबराखाली, मीच दुपारी उभा केलेला. काका भाजी आणायला मुरबाडला गेले होते. साडेतीनच्या सुमाराला मी रेंजच्या दगडावर चढले, फोन लागायचा तो फक्त तिथेच, तर मेसेज: येत नाही, सॉरी.

तंबू उतरवायचा म्हणजे वीस मिनिटांचं काम. पण माझी कंबर सकाळपासून बोलत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तंबूत दुसरे पाहुणे येणार होते. उतरवा आणि पुन्हा चढवा, कशासाठी? एका म्हाताऱ्याच्या खुळापायी? मला राग आला होता, हे कबूल करते. म्हटलं, काका मोजणार चपला. तर ठेवू चपला. दोघांपैकी एकच जण आला, दमून आत झोपलाय, असं सांगू.

पत्र्याच्या खोलीत खुंट्यांच्या गोणीमागे फडक्यात बांधलेल्या रबरी चपला होत्या. निळा पट्टा. एका पट्ट्याला तांब्याच्या तारेने टाका घातलेला. त्या मी उंबराखालच्या तंबूबाहेर ठेवल्या. जोडी नीट, टाचा तंबूकडे. ठेवताना हाताला गार लागल्या एवढं आठवतं.

संध्याकाळी काका मोजत मोजत पुढे गेले. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते. आठव्या तंबूपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या तंबूपाशी ते उभे राहिले, आणि नुसते उभेच राहिले. मग हळूच खाली बसले. एक बोट पुढे करून त्या तारेला लावलं. मला वाटलं, पकडले गेले. आता बोलणी बसणार.

ते चुलीपाशी आले. चेहरा असा की मी तो कधी पाहिला नव्हता, धुतल्यासारखा.

"बाय, एक ताट वाढ."

"कुणाला?"

"शेवटचा. दमलाय. झोपलाय." मग आवाज आणखी बारीक करून, "उठवू नको हां. हाक मारू नको."

त्या क्षणी एका वाक्याचं काम होतं. काका, चपला मी ठेवल्यात. पण मला वाटलं, यांनी माझी लबाडी ओळखली आहे आणि मला धडा शिकवायला नाटक करतायत. तर करू देत. मीही हट्टी. मी ताट वाढलं. भात, आमटी, वांगी-बटाट्याची भाजी, पापड. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून नेलं, वर दुसरं ताट झाकलं, तंबूच्या चेनपाशी ठेवलं आणि दहा पावलांवर खुर्ची टाकून बसले. पंगतीत डोकी किती, हे मला त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

सकाळी उठले तेव्हा ते त्याच खुर्चीत होते. स्वेटरवर दव. बुधीमावशी वाडीवरून सरपणाची मोळी घेऊन उतरली, शेवटच्या तंबूपुढून जाताना थबकली, आणि मोळी तिच्या डोक्यावरून खाली पडली.

"ह्या चपला कोणी काढल्या गो?" तिने माझा दंड धरला. "ह्या त्याच्या चपला. पोराच्या."

तिने मला तिथेच, चुलीच्या मागे उभं करून, सगळं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी ज्या खोट्या खुणेने त्या मित्रांना फसवलं, तीच खूण मी पुन्हा मांडली होती. तीच जागा, त्याच चपला, आतमध्ये कुणी नाही.

आणि तेवढ्यात काकांची हाक आली. हाक कसली, ओरडणंच.

"जेवला! बाय, जेवला गो! ये, बघ!"

झाकण बाजूला होतं. भात नव्हता. आमटीची वाटी कोरडी. काका माझ्याकडे बघून हसत होते आणि त्यांच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. ताट त्यांनी माझ्या हातात दिलं, धुवायला. कुत्रं असेल, कांडेचोर असेल, रानात काय कमी जनावरं? पण काका रात्रभर तिथेच बसले होते. "डोळा लागला का हो तुमचा?" मी विचारलं. म्हणाले, "पहाटे जरासा. तेवढ्यातच खाल्लंन. लाजला असल."

त्या दिवसापासून तो तंबू उतरला नाही. चेन त्यांनी उघडली नाही, कुणाला उघडू दिली नाही. रोज संध्याकाळी ताट. रोज सकाळी ताट जसंच्या तसं, भातावर मुंग्या. पुन्हा कधी कुणी जेवलं नाही. पण त्यांना त्याचं काही नव्हतं. "एकदा आला तो परत यील. घाई करायची नाय." खुर्ची तिथेच, हे तिथेच. चपला मोजणं बंद झालं. पाहुण्यांकडे लक्ष नाही. एका कुटुंबाचं पोर ओढ्यात खोल पाण्यापर्यंत गेलं आणि यांना पत्ता नाही, बुधीमावशीने धावत जाऊन ओढलं म्हणून बरं. आणि शहापूरला त्यांनी निरोप धाडला: विधी रद्द. पोरगा जिवंत आहे.

मी कबूल केलं. तुम्ही म्हणाल, उशिरा. उशिराच. त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसून, त्यांचे पाय धरून सांगितलं की काका, चपला मी ठेवल्या होत्या. तंबू उतरवायचा कंटाळा आला म्हणून.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "त्या कुठं होत्या?"

"गोणीमागे. फडक्यात."

"खोलीत दुसऱ्या चपला नव्हत्या? बुधीच्या होत्या. माझ्या होत्या. गमबूट होते." ते अगदी प्रेमाने बोलत होते. "तुझा हात नेमका तिथं कसा गेला, सांग."

तो तिथे का गेला, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आजही नाही.

म्हणून मी शहापूरला काकूंकडे गेले. म्हटलं, त्यांना सांगू, त्या येऊन यांना उठवतील. दुकानाच्या ओट्यावर काकू भाड्याच्या खुर्च्या ओल्या फडक्याने पुसत होत्या. ठेंगणी, गोरी बाई, हाताला कामाची सवय. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी मला शिवी दिली नाही. दोन खुर्च्या पुसून झाल्यावर म्हणाल्या, "माणसाला जीव लावायला खुंटी लागते. त्यांना तू दिलीस. मी दोन दिवसांत येते, गुरुजींना घेऊन. कुठल्या जनावरानं खाल्लं ते मी सांगते त्यांना."

मी उठले. ओट्याच्या पायरीपर्यंत गेले असेन.

"त्या दिवशी भाजी काय होती गो?"

"वांगी-बटाटा."

फडकं थांबलं.

"वांगं खाल्लं होतं?"

मी वळून बघितलं. त्या खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभ्या होत्या. "तो वांगं खायचा नाय. बारीक असल्यापासून. बटाटा खायचा आणि वांग्याच्या फोडी ताटाच्या कडेला लावून ठेवायचा, एकापुढं एक. ह्यांना ठाऊक नाय. ह्यांना कसं ठाऊक असणार? लग्नसराईत हे घरी जेवले कधी?" त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "ताट तूच धुतलंस ना? फोडी राहिल्या असतील तर सांग. मी दुकान बंद करते, तुझ्याबरोबर आत्ता येते तिथं. आमी दोघं बसू."

त्या सकाळी ताट मी ओढ्यावर नेलं होतं. राखेने घासायच्या आधी हाताने साफ केलं होतं. भात संपला होता. बटाटा संपला होता. ताटाच्या कडेला वांग्याच्या चार फोडी होत्या, एकापुढे एक लावलेल्या. मी त्या बोटांनी ओढ्यात ढकलल्या होत्या आणि त्याचा विचारही केला नव्हता. कोणतं जनावर असं करतं?

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. बारा वर्षं जी बाई आपल्या नवऱ्याला हात धरून मागे ओढत होती, तीही आता निघायला तयार होती. चप्पल घालायला एक पाय पुढे केलेला होता.

"नाही काकू," मी म्हणाले. "सगळं खाल्लेलं होतं. वांगंसुद्धा. एक फोड उरली नव्हती."

"नक्की?"

"मीच धुतलं ना ताट."

त्यांनी पाय मागे घेतला. पुसलेल्या खुर्चीवर बसल्या. "मग तो नव्हता," असं म्हणाल्या आणि रडायला लागल्या. दुकानात एक गिऱ्हाईक कढई मागायला आलं होतं, ते तसंच बाहेर उभं राहिलं.

त्या रविवारी मी घरी परतले नाही. काकू सोमवारी आल्या, गुरुजी आणि पळसाची पानं घेऊन. काकांना घेऊन रेंजच्या दगडापाशी बसल्या. काय बोलल्या मला ऐकू आलं नाही. काकांनी दोनदा तंबूकडे हात केला, दोनदा तो हात काकूंनी धरून खाली घेतला. मग त्यांची मान खाली गेली. ओढ्याच्या काठी पुतळ्याला अग्नी दिला तेव्हा बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मुलाचं नाव मोठ्याने घेतलं. पुढच्या चैत्रात त्यांनी जागा सोडली आणि ते शहापूरला काकूंबरोबर राहायला गेले. आता बरे आहेत म्हणतात. दोन वेळा जेवतात. मला मात्र काकूंच्या ओट्याकडे जाववत नाही.

त्या सोमवारी सगळं उरकल्यावर, डोकं भादरलेले काका माझ्याजवळ आले. "बाय," म्हणाले, "शेवटचा मांडव उतरव."

तंबू पाडायच्या आधी चेन उघडून आत बघायचं, कुणाचं काही राहिलं आहे का, हा माझाच नियम होता, पाहुण्यांच्या वस्तूंसाठी. मी चेनला हात लावला नाही. बाहेरूनच चारी खुंट्या उपटल्या, आणि कापड जमिनीला टेकेपर्यंत डोळे मिटून उभी राहिले.